नदीचा पाहुणा : हेन्री डेव्हिड थोरो

नदी कोणा एकाची नसते. तिच्या कांठीं घर असणाऱ्याचा तिजवर जितका हक्क, तितकाच दूरच्या वाटसरूचाही असतो. एक होडी व दोन वल्हीं जवळ असलीं म्हणजे तिचा मार्ग राजमार्गाप्रमाणें कोणासही मोकळा आहे. परंतु ज्या पाण्यावरून आपण जातों त्या पाण्यांत व त्याच्या दोन्ही तीरांवर दुसऱ्या अनेक जीवांचीं घरें आहेत, ही गोष्ट होडींत बसल्यावर फार थोड्यांच्या ध्यानांत राहते. आपल्या मौजेच्या भरांत कोणाचें घरटें मोडलें, कोणाचीं अंडीं थंड पडलीं, कोणाचें रान जळलें, हें पाहण्यास सहसा कोणी मागें वळत नाहीं. ज्याला एकदां असें मागें वळून पाहणें भाग पडलें, आणि पुढें जन्मभर ज्याचें वागणें पालटत गेलें, अशा एका थोर पुरुषाचें चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

हा पुरुष म्हणजे अमेरिकेंतील ग्रंथकार हेन्री डेव्हिड थोरो होय. आपल्या देशांत त्याचें नांव बहुधा महात्मा गांधींच्या संबंधानें ऐकूं येतें. अन्यायी राज्यसत्तेपुढें मान न वांकविण्याविषयीं थोरोनें जो निबंध लिहिला, तो गांधीजींनीं दक्षिण आफ्रिकेंत असतांना वाचला व इ. स. १९०७ मध्यें आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ पत्रांतून त्याचा परिचय वाचकांस करून दिला, हें पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु त्या तत्त्वासाठीं एक रात्र तुरुंगांत काढणारा थोरो आपणांस जितका परिचित आहे, तितका वर्षानुवर्षें होडींत बसून नदी न्याहाळणारा थोरो परिचित नाहीं. आज आम्हांस सांगावयाचें आहे तें या दुसऱ्या थोरोविषयींच.

थोरोचा जन्म इ. स. १८१७ च्या जुलै महिन्याच्या १२ व्या तारखेस मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील कॉंकर्ड या लहानशा गांवीं झाला. वडील शिसपेन्सिली तयार करण्याचा धंदा करीत. घरची स्थिति बेताची होती. पण रानावनांत हिंडण्याची गोडी मुलांना घरांतूनच लागली. गांवाजवळ सडबरी व असाबेट या दोन नद्यांचा संगम होतो, आणि संगमापुढें त्या प्रवाहास कॉंकर्ड नदी हें नांव मिळतें. ही नदी इतकी संथ आहे कीं, तिचा ओघ कोणत्या दिशेस चालला आहे हें नवख्याला पटकन् कळत नाहीं. दोन्ही तीरांस दूरवर ओलीं कुरणें पसरलेलीं आहेत. वसंत ऋतूंत पूर आला म्हणजे तीं सारीं पाण्याखालीं जातात, आणि बदकें, बगळे, कांसवें व पाणउंदरासारखे मस्करॅट यांचें तें माहेरघर बनतें. तेथील मूळच्या रहिवाशांनीं या नदीस ‘मस्केटाक्विड’ म्हणजे गवताळ भूमीची नदी असें अन्वर्थक नांव दिलें होतें.

इ. स. १८३७ मध्यें हार्वर्ड येथील शिक्षण संपवून थोरो आपल्या गांवच्या शाळेंत शिक्षक झाला. परंतु मुलांस छडी मारल्यावांचून शाळा चालत नाहीं, असा शाळेच्या चालकांचा आग्रह पडला. थोरोनें त्या आग्रहाखातर कांहीं मुलांना छडी मारली खरी. पण त्याचें मन त्याला इतकें खाऊं लागलें कीं, दोन आठवडे पुरे होतात न होतात तोंच त्यानें ती नोकरी सोडली. पुढील वर्षीं त्यानें स्वतःची शाळा काढली आणि वडील बंधु जॉन हाही तींत शिकवूं लागला. या शाळेंत छडी नव्हती. धड्यांबरोबरच मुलांस रानांत व नदीवर नेऊन झाडें, पक्षी व फुलें ओळखावयास शिकविण्यांत येई. मुलांना वर्गाच्या भिंतीबाहेर नेणारी ती शाळा त्या काळीं फार विरळा होती.

या दोघां भावांचें एकमेकांवर अत्यंत प्रेम होतें. इ. स. १८३९ च्या वसंतांत त्यांनीं स्वतःच्या हातांनीं सुमारें १५ फूट लांबीची एक होडी बांधली, तिला हिरवा व निळा रंग दिला, आणि नदीचेंच जुनें नांव ‘मस्केटाक्विड’ तिला ठेविलें. ऑगस्टच्या ३१ व्या तारखेस आपल्या वाडींतले बटाटे व कलिंगडें होडींत भरून ते दोघे निघाले. कॉंकर्ड नदीनें खालीं जाऊन, कालव्यावाटे मेरिमॅक या मोठ्या नदींत शिरून ते प्रवाहाविरुद्ध उत्तरेकडे गेले, पुढें होडी ठेवून श्वेतपर्वतांतून पायीं हिंडले, आणि दोन आठवड्यांनीं घरीं परतले. रात्रीं कांठावर तंबू ठोकावा, पहांटे धुक्यांत वल्हीं मारावीं, असा त्यांचा क्रम होता.

या प्रवासांत थोरोच्या दृष्टीस एक गोष्ट पडली, ती त्याला फार लागली. पूर्वीं समुद्रांतून शॅड, सामन इत्यादि मासे अंडीं घालण्याकरितां दरवर्षीं या नद्यांतून वर येत. परंतु बिलेरिका येथील बंधारा, मागाहून कालवा आणि लोवेल येथील गिरण्यांसाठीं घातलेले बांध, यांनीं त्यांची वाट बंद झाली. नदी वाहत होती. पण तिचे जुने प्रवासी तिजवरून येऊं शकत नव्हते. आपण मनुष्यें आनंदानें होडी हांकीत असतां ज्यांचा या मार्गावर आपल्याहून जुना हक्क होता ते मुके जीव बांधापाशीं थबकून परत जात, हा विचार त्यानें पुढें इ. स. १८४९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत मांडला. त्या पुस्तकाच्या १००० प्रती छापल्या होत्या; त्यांपैकीं ७०६ न खपतां त्याच्याच घरीं परत आल्या! त्या काळच्या लोकांना माशांचें गाऱ्हाणें ऐकण्याची फारशी उत्सुकता नव्हती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्या प्रवासानंतर फार दिवस गेले नाहींत तोंच जॉनची प्रकृति ढासळली. इ. स. १८४१ मध्यें शाळा बंद करावी लागली, आणि पुढच्या जानेवारींत दाढीच्या वस्तऱ्यानें झालेल्या एका लहानशा जखमेचें निमित्त होऊन धनुर्वातानें जॉन वारला. हेन्रीवर या दुःखाचा असा आघात झाला कीं, कांहीं दिवस त्याच्या अंगीं त्याच रोगाचीं लक्षणें दिसूं लागलीं. त्याच वर्षीं त्यानें ती भावाबरोबर बांधलेली होडी कादंबरीकार नाथॅनिएल हॉथॉर्न याला ७ डॉलरांस विकली. थोरोच्या हातीं असतांना होडी जणूं त्याच्या मनाप्रमाणें चाले; पण हॉथॉर्नच्या हातीं येतांच ती नको त्या दिशेस तोंड करूं लागली. तेव्हां वल्हीं कशीं धरावीं हेंही थोरोलाच त्याला शिकवावें लागलें.

आतां आम्ही थोरोच्या चरित्रांतील त्या प्रसंगाकडे येतों, कीं जो त्याच्या चाहत्यांस सांगावयास संकोच वाटतो. परंतु थोर पुरुषाचे दोष झांकून लिहिलेलें चरित्र मुलांच्या उपयोगाचें नसतें, म्हणून तो आम्ही सविस्तर सांगतों.

इ. स. १८४४ च्या एप्रिलची ३० वी तारीख होती. थोरो व त्याचा तरुण मित्र एडवर्ड होर हे होडींतून सडबरी नदीनें वर निघाले होते. नदीच्या उगमापर्यंत जावें, मासे धरून त्यांवर निर्वाह करावा, असा त्यांचा बेत होता. बरेच दिवस पाऊस न पडल्यामुळें रान अगदीं कोरडें झालें होतें. फेअर हेवन नांवाच्या नदीच्या रुंद भागाच्या कांठीं त्यांनीं धरलेले मासे शिजविण्याकरितां एका जुन्या खोडापाशीं विस्तव केला. गतवर्षींचें वाळलेलें गवत भोंवतीं होतेंच. बघतां बघतां विस्तव गवतास लागला. दोघांनीं प्रथम हातापायांनीं, मग होडींतली फळी काढून तिनें तो विझविण्याची शिकस्त केली. पण ज्वाळा टेंकडीवर चढल्या आणि त्यांनीं रान गांठलें. होर होडी घेऊन गांवाकडे निघाला. थोरो रानांतून धांवत लोकांस हांका मारीत सुटला. धांवून धांवून दमल्यावर तो एका कड्यावर जाऊन बसला, आणि आपण लावलेला वणवा, जें रान त्याला प्राणापलीकडे प्रिय होतें तेंच खात चाललेला, त्यानें डोळ्यांनीं पाहिला. पुढें गांवकरी जमले, तोही त्यांच्यांत मिसळला, आणि पुष्कळ खटपटीनें आग आटोक्यांत आली. सुमारें ३०० एकर रान जळालें, असें त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आलें. आणि हानि २००० डॉलरांहून अधिक झाल्याचें सांगण्यांत आलें.

होरचे वडील गांवांतले वजनदार गृहस्थ होते. त्यांच्यामुळें प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें नाहीं. पण लोकांचीं तोंडें कोण धरणार? थोरो रस्त्यानें चालला म्हणजे रान जाळणारा तो हाच, असें पाठीमागून म्हणण्याचा क्रम कित्येक वर्षें चालूं होता.

थोरोनें काय केलें? येथें आम्हांस प्रामाणिकपणें लिहिलें पाहिजे कीं, त्यानें तात्काळ चूक कबूल करून क्षमा मागितली नाहीं. त्या गोष्टीची हकीकत आपल्या रोजनिशींत लिहावयास त्याला ६ वर्षें लागलीं. इ. स. १८५० मध्यें जेव्हां ती लिहिली, तेव्हांही त्यानें स्वतःची समजूत घातली कीं, वीज पडून जशी रानास आग लागते तशीच ही लागली, यांत आपला अपराध नाहीं. चाणाक्ष वाचकास मात्र दिसून येतें कीं, ज्याच्या मनाला खरोखर कांहींच लागलेलें नाहीं, तो ६ वर्षांनंतर इतक्या बारकाईनें तें सारें लिहीत बसत नाहीं. मोठ्या मनुष्यालाही आपली चूक आपल्याच तोंडानें म्हणणें किती जड जातें, याचें हें उदाहरण आहे. परंतु जें त्याच्या तोंडून निघालें नाहीं, तें त्याच्या पुढील वागण्यांत हळूहळू उतरलें, असें आम्हांस वाटतें. आणि तेंच आतां पाहावयाचें आहे.

वणव्यानंतर १४ महिन्यांनीं, इ. स. १८४५ च्या जुलैच्या ४ थ्या तारखेस, थोरो गांवाजवळच्या वॉल्डन तळ्याच्या कांठीं स्वतः बांधलेल्या झोंपडींत राहावयास गेला. तेथें तो २ वर्षें, २ महिने व २ दिवस राहिला. त्या वास्तव्यावरील त्याचा ग्रंथ जगप्रसिद्ध आहे, आणि त्यांत आपल्या भगवद्गीतेचा त्यानें मोठ्या आदरानें उल्लेख केला आहे. रानांत राहावयास जाण्यापूर्वीं त्यानें आपली बंदूक विकून टाकली होती. पक्ष्यांचा अभ्यास करावयाचा तर त्यांना मारून हातांत घेतलें पाहिजे, अशी त्या काळच्या विद्वानांची रीत होती. ती त्याला पटेनाशी झाली.

तथापि सुधारणा एका दिवसांत होत नसते. वॉल्डन तळ्यावर शरदांत लून नांवाचा एक मोठा पाणबुडा पक्षी येई. थोरोनें एकदां होडींतून त्याचा बराच वेळ पाठलाग केला. पक्ष्यानें बुडी मारावी, थोरोनें अटकळीनें त्या दिशेस होडी न्यावी, आणि पक्ष्यानें भलतीकडेच वर येऊन मोठ्यानें ओरडावें, असा तो खेळ चालला. थोरोला तो खेळ वाटला. पक्ष्यास काय वाटलें असेल? लूनचे पाय शरीराच्या अगदीं मागच्या बाजूस असल्यामुळें त्याला जमिनीवर नीट चालतां येत नाहीं. म्हणून तो घरटें पाण्याच्या अगदीं कडेस करतो. वीण चालूं असतां होडी फार जवळ आली म्हणजे तो अंडीं सोडून पाण्यांत शिरतो, आणि तेवढ्या वेळांत अंडीं थंड पडतात किंवा दुसरा कोणी तीं पळवितो. थोरोच्या त्या शरद ऋतूंतील खेळानें कोणतीं अंडीं नासलीं नसतील. पण पाठलाग तो पाठलागच.

इ. स. १८५४ च्या मार्चांत थोरोनें ८ डॉलर देऊन एक दुर्बीण विकत घेतली. निर्धन मनुष्यास ही रक्कम लहान नव्हती. बंदूक गेली आणि दुर्बीण आली, या दोन ओळींत त्याच्या जीवनांतील केवढें स्थित्यंतर सांठविलें आहे! बंदुकीनें पक्षी आपल्याकडे येतो, पण मेलेला. दुर्बिणीनें आपणच त्याच्याकडे जातों, आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाहीं. पुढें नदीवर जातांना तो वल्हीं थांबवून होडी प्रवाहाबरोबर वाहूं देई आणि निश्चल बसून राही. कोणतें फूल कोणत्या दिवशीं उमललें, बर्फ केव्हां फुटलें, कांसवानें अंडीं कोठें पुरलीं, कोणता पक्षी केव्हां आला, याची तो रोज टिपणें करी. नदीवरून येतांना तो काय आणी? वाहून आलेलें लांकूड. इ. स. १८५५ मध्यें एका इंग्रज मित्रानें त्याला आपल्या देशांतील धर्म व तत्त्वज्ञान यांवरचे ४४ ग्रंथ भेट पाठविले, तेव्हां ते ठेवण्याकरितां त्यानें याच वाहत्या लांकडांची मांडणी केली. कॉंकर्ड नदीनें दिलेल्या फळ्यांवर गंगातीरींचे ग्रंथ विराजमान झाले, ही कल्पना आम्हांस फार मनोहर वाटते.

आतां कॉंकर्डची संथ नदी सोडून आपण उत्तरेस मेन संस्थानांतील घोर अरण्याकडे जाऊं. तेथें मैलच्या मैल रस्ता नसे. नद्या व सरोवरें हाच मार्ग. एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर जातांना मध्यें जमीन आली कीं होडीच खांद्यावर घेऊन चालावयाचें. म्हणून पेनॉब्स्कॉट नांवाचे तेथील मूळचे रहिवासी भूर्जवृक्षाच्या सालीची हलकी होडी करीत. ज्या जातीच्या वृक्षाच्या सालीवर आपल्याकडे प्राचीन काळीं ग्रंथ लिहीत, त्याच कुळांतला हा वृक्ष होय. अशी होडी एकटा मनुष्य डोक्यावर घेऊन रान तुडवूं शकतो.

थोरो या अरण्यांत तीनदां गेला. दुसऱ्या खेपेस, इ. स. १८५३ मध्यें, त्याचा एक नातलग व जो एटिऑन हा पेनॉब्स्कॉट वाटाड्या बरोबर होते. नातलगास मूस नांवाच्या प्रचंड हरिणाची शिकार करावयाची होती. थोरोनें शस्त्र घेतलें नव्हतें, तो केवळ पाहावयास गेला होता. होडी आवाज न करतां रात्रीं कशी सरकते, तें पाहून त्याला कौतुक वाटलें. परंतु त्याच होडीच्या साहाय्यानें एक मूसमादी मारली गेली. थोरोनें होडीच्या दोरीला गांठी मारून तिचें माप घेतलें. आणि मग कातडें सोलण्यास आरंभ झाला, तेव्हां अजून ऊन असलेल्या त्या शरीरांतून दुधाची धार वाहतांना त्यानें पाहिली. त्या दिवसाचा त्याचा सारा आनंद मावळला. रात्रीं बाकीचे पुन्हां शिकारीस निघाले, तेव्हां तो तळावरच राहिला. आपण प्रत्यक्ष गोळी झाडली नाहीं, पण आपण त्या होडींत होतों, ही टोंचणी त्याला लागली.

या प्रवासाचें वर्णन इ. स. १८५८ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याच्या शेवटीं थोरोनें एक नवी सूचना केली. इंग्लंडचे राजे पूर्वीं आपल्या शिकारीसाठीं अरण्यें राखून ठेवीत. तर राजा नसलेल्या या देशानें शिकारीसाठीं किंवा अन्नासाठीं नव्हे, तर अस्वलें, वाघासारखीं जनावरें व मूळचे वनवासी यांस नांदतां यावें आणि मनुष्याच्या मनाला नवी पालवी फुटावी, म्हणून अशीं अरण्यें कां राखूं नयेत? अमेरिकेंतील पहिलें राष्ट्रीय उद्यान स्थापन होण्यास तेव्हां १४ वर्षें अवकाश होता.

तिसरी खेप इ. स. १८५७ च्या जुलैंत झाली. या वेळीं सोबती कोण होता? तोच एडवर्ड होर, ज्याच्याबरोबर १३ वर्षांपूर्वीं वणवा पेटला होता! वाटाड्या होता जोसेफ पॉलिस, पेनॉब्स्कॉट लोकांतील एक मान्यवर पुरुष. होडीही त्यानें स्वतः बांधलेली होती. निघतांना थोरोनें त्याच्याशीं असा करार केला कीं, मला ठाऊक आहे तें सारें मी तुला सांगेन व तुला ठाऊक आहे तें सारें तूं मला सांग. पॉलिसनें तें मान्य केलें. हार्वर्डमध्यें शिकलेला ग्रंथकार ३०० मैलांहून अधिक अंतर एका वनवाशाचा विद्यार्थी होऊन फिरला. झाडांचे उपयोग, पाण्याच्या खुणा, प्राण्यांचे आवाज, अंधारांत आपोआप चकाकणारें ओलें लांकूड, अशा कितीतरी गोष्टी त्याला या प्रवासांत कळल्या. एके दिवशीं खडकाळ ओघापाशीं पायीं चालत असतां होर दिसेनासा झाला. ती रात्र थोरोनें मोठ्या काळजींत काढली; सकाळीं मित्र सुखरूप भेटला. ज्याच्या घरीं जावयाचें त्याच्या घरची रीत त्यालाच विचारावी, ही पाहुण्याची पहिली शिस्त थोरो पॉलिसच्या होडींत शिकला.

घरीं परतल्यावरही नदीनें त्याला सोडलें नाहीं. थोरो पोटासाठीं जमीनमोजणीचें काम करी. बिलेरिकाच्या बंधाऱ्यामुळें पाणी तुंबून आपलीं कुरणें बुडतात, अशी कांठच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार होती. इ. स. १८५९ मध्यें त्यांनीं थोरोस नदीची मोजणी करावयास सांगितलें. त्यानें उन्हाळाभर होडींतून हिंडून पाण्याची खोली, पुलांचीं मापें व ओघाची गति नोंदली. ज्या नदीवर तो वीस वर्षांपूर्वीं भावासह मौजेनें गेला होता, तिचा आतां तो इंच न् इंच जाणूं लागला होता.

त्याच वर्षाच्या एप्रिलांत त्यानें आणखी एक काम केलें. वॉल्डन तळ्याजवळ आपला मित्र एमर्सन याच्या जागेंत, जेथें पूर्वीं त्याचें घेवड्याचें शेत होतें तेथें, त्यानें पाइन वृक्षाचीं ४०० रोपें लाविलीं. वणवा एप्रिलांतच लागला होता, त्यास बरोबर १५ वर्षें झालीं होतीं. हें त्याचें प्रायश्चित्त होतें, असा आमचा दावा नाहीं. परंतु ज्या हातांनीं विस्तव केला, त्याच हातांनीं रोपें लाविलीं, एवढी गोष्ट मात्र खरी. जळलेल्या व तोडलेल्या रानांत नवीं झाडें कशीं येतात, वारा, पक्षी व खारी बीं कसें पसरवितात, यावर त्यानें इ. स. १८६० मध्यें शेतकऱ्यांपुढें व्याख्यान दिलें, तें शास्त्रज्ञांनीं पुढें वाखाणिलें. आयुष्याच्या अखेरच्या दिवसांतील लेखनांत, नदीचा कांठ लोकांच्या वहिवाटीसाठीं सार्वजनिक असावा व प्रत्येक गांवानें आपल्याजवळचें थोडें रान कायमचें राखावें, असें मत त्यानें मांडलें. नदीवर सर्वांस वाट असावी आणि तिचें रानपण कोणीही मोडूं नये, या दोन्ही गोष्टी त्यानें एकत्रच मागितल्या, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

इ. स. १८६२ च्या मे महिन्याच्या ६ व्या तारखेस, वयाच्या ४५ व्या वर्षीं, क्षयानें थोरोचा अंत झाला. मेनच्या अरण्यावरील त्याचें पुस्तक त्याच्या मागें दोन वर्षांनीं निघालें.

त्याच्या मागें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. इ. स. १९४४ मध्यें कॉंकर्ड व सडबरी नद्यांच्या कांठचीं ओलीं कुरणें पक्ष्यांसाठीं अभयस्थान म्हणून राखण्यास आरंभ झाला. इ. स. १९९९ मध्यें या दोन व असाबेट मिळून तीन नद्यांचा २९ मैलांचा भाग राष्ट्राच्या संरक्षित नद्यांत घालण्यांत आला. त्यावर आजही होड्या चालतात. मेनमध्यें थोरो ज्या सरोवरांतून पॉलिसबरोबर गेला, त्यांपैकीं कांहीं ज्या अलगॅश जलमार्गांत येतात, तो ९२ मैलांचा जलमार्ग इ. स. १९६६ मध्यें लोकांच्या मतानें राखून ठेवण्यांत आला. तेथें कोणासही होडी घेऊन जातां येतें. पण एका टोळींत १२ हून अधिक माणसें असूं नयेत, मुक्काम नेमलेल्या जागींच करावा, असे नियम आहेत. आणि थोरोनें फुलांच्या उमलण्याच्या ज्या तारखा लिहून ठेविल्या, त्यांशीं ताडून बोस्टन येथील शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, हवा तापत चालल्यामुळें कॉंकर्डचीं कित्येक फुलें आतां पूर्वींपेक्षां लवकर उमलतात. होडींत गप्प बसणाऱ्या मनुष्याची रोजनिशी दीडशें वर्षांनीं जगाच्या उपयोगी पडली!

विद्यार्थिमित्रहो, थोरोचें चरित्र निर्दोष नाहीं, म्हणूनच तें आम्हीं तुम्हांकरितां निवडलें. तुम्हीही सुट्टींत नदीवर, खाडींत किंवा तळ्यांत होडींतून जाल. तुम्हांस कोणी मज्जाव करूं नये, अशीच आमची इच्छा आहे. कारण ज्याला नदी पाहावयास मिळाली नाहीं, तो तिची काळजी कशी वाहणार? परंतु जातांना थोडे जण जा. वाळलेल्या गवतापाशीं विस्तव करूं नका. मुळींच न केल्यास उत्तम. पक्षी मान उंच करून तुमच्याकडे पाहूं लागला, तर तेवढ्यावरूनच समजा कीं आपण फार जवळ आलों, आणि होडी वळवा. कांठच्या कोळ्यास वाट विचारा, आणि तो नको म्हणेल तेथें जाऊं नका. आणि यांतूनही चूक घडलीच, तर ती कबूल करण्यास ६ वर्षें लावूं नका.

पालकांसही एक विनंती आहे. मुलांस होडी हांकावयास शिकवितांना ती थांबवावयासही शिकवा. जो मुलगा वल्हीं वर धरून, श्वास रोखून, पिलांना घेऊन जाणारी पाणकोंबडी पलीकडे जाईपर्यंत वाट पाहूं शकतो, त्याच्या हातीं नदी निर्भयपणें सोंपवावी. पाहुणा उठून गेल्यावर यजमानाचें घर जसेंच्या तसें असावें, हीच खरी रीत; आणि नदीचे आपण सारे पाहुणेच आहों.